गाडी बंद पडते, पण कधी? जुन्या वळणाच्या मोटरसायकलचं इंजिन कसं तपासायचं

जुनी मोटरसायकल घेऊन कुणी आलं आणि विचारलं काय होतंय, तर उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं, "मध्येच बंद पडते". आता एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येणार नाही. थंड असताना बंद पडते की गरम झाल्यावर? स्विच ऑफ केल्यासारखी पटकन जाते की धापा टाकत टाकत जाते? स्लोला जाते की फुल रेसला? बंद पडल्यावर लगेच चालू होते की पंधरा मिनिटं थांबावं लागतं? ही उत्तरं मिळाली ना, की पाना हातात घ्यायच्या आधीच निम्मं काम झालेलं असतं, आणि म्हणूनच मी सगळ्यांना सांगतो की आधी कार्बोरेटर खोलू नका, आधी गाडी काय सांगतेय ते नीट ऐका.

मी इथे बोलतोय ते खऱ्या जुन्या वळणाच्या गाडीबद्दल, म्हणजे एक सिलिंडर, फोर स्ट्रोक, किक, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि पॉइंटवालं इग्निशन (ठिणगी पाडणारी व्यवस्था, पॉइंट म्हणजे काय ते पुढे येतंच). हल्ली दिसायला जुनी पण आतून नवी अशाही गाड्या मिळतात, फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सरवाल्या, त्यांचं गणित वेगळं. त्यांच्यात चावी लावल्यावर एक-दोन सेकंद पंपाचा गुणगुणल्यासारखा आवाज येतो का, बॅटरी उतरलीय का, साइड स्टँडचा स्विच अडकलाय का आणि मीटरवर इंजिनचा दिवा पेटलाय का एवढं बघा, पुढचं काम कोड वाचायच्या मशीनचं. बाकी खालचं सगळं पॉइंट-कार्बवाल्यांसाठी.

इंजिनला चालायला लागतं तरी काय? पेट्रोल आणि हवा ठराविक प्रमाणात, वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा. ते मिश्रण घट्ट दाबलं गेलं पाहिजे. मग दमदार ठिणगी पडली पाहिजे आणि ती नेमक्या वेळी पडली पाहिजे. झालं. म्हणजे मिश्रण, कॉम्प्रेशन, स्पार्क, टायमिंग. जुन्या गाडीचा कुठलाही आजार या चारातल्या कशात तरी बसतोच, आणि तपासायचा क्रम मी असा धरतो की जे तपासायला सगळ्यात सोपं ते आधी. स्पार्क तपासायला दोन मिनिटं लागतात, कार्बोरेटर खोलायला तासभर, तरी लोक आधी कार्बच का खोलतात मला खरंच कळत नाही. कदाचित कार्ब समोर दिसतो, हाताला येतो, आणि वीज दिसत नाही म्हणून तिची भीती वाटते.

आधी ठिणगी

प्लग काढा, कॅपमध्ये परत बसवा आणि त्याची धातूची बाजू सिलिंडर हेडच्या उघड्या, रंग नसलेल्या भागाला नीट टेकवून धरा, स्विच ऑन करून किक मारा. इथे दोन गोष्टी सांभाळा. प्लग त्याच्या भोकापासून लांब टेकवायचा, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ती पेटू शकते. आणि प्लग बॉडीला टेकलेला नसताना किक मारायची नाही, कारण कॉइलमधल्या (ठिणगीसाठी हजारो व्होल्ट तयार करणाऱ्या वेटोळ्यांमधल्या) विजेला जायला रस्ता मिळाला नाही तर ती कॉइलचं आतलं इन्सुलेशन फोडून रस्ता काढते. ठिणगी निळसर, जाडसर आणि टक् आवाज करणारी हवी. पिवळट, लालसर, केसासारखी बारीक ठिणगी म्हणजे आहे पण उपयोगाची नाही. उघड्या हवेत ती दिसते म्हणून लोक फसतात, पण सिलिंडरच्या आत मिश्रण दाबलेलं असतं आणि दाबलेल्या मिश्रणातून उडी मारणं विजेला कितीतरी जड जातं. म्हणून बाहेर दिसणारी अशक्त ठिणगी आत पडतच नाही.

आता ही ठिणगी तयार कशी होते ते थोडं समजून घेऊ, कारण एकदा हे डोक्यात बसलं की निम्मे दोष आपोआप कळायला लागतात. पॉइंट म्हणजे साधा एक स्विच आहे, दोन छोटे धातूचे ठिपके, एक स्थिर आणि एक कॅमवर, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या उंचवट्यावर, उघडझाप करणारा. ठिपके चिकटलेले असतात तेव्हा बॅटरीतून कॉइलच्या जाड वायरच्या वेटोळ्यात करंट जातो आणि कॉइलमध्ये चुंबकत्व साठतं. कॅमने ठिपके उघडले की करंट तुटतो, चुंबकत्व कोसळतं आणि बारीक वायरच्या हजारो वेटोळ्यांत हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगला जातात. म्हणजे ठिणगी पॉइंट उघडण्याच्या क्षणी पडते, मिटण्याच्या नाही. फोर स्ट्रोक सिंगल ३००० आरपीएमला फिरत असेल तर हे काम मिनिटाला १५०० वेळा, सेकंदाला २५ वेळा चालू असतं. एवढ्याशा पट्टीवर केवढा भार आहे बघा, आणि तिला फिलर गेज (फट मोजायची ठराविक जाडीची पातळ पाती) लावून किती दिवस झाले हे गाडीमालकाला क्वचितच आठवतं.

पॉइंटचा गॅप बहुतेक जुन्या सिंगलमध्ये ०.३० ते ०.४० मिमीच्या आसपास असतो, नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघायचा. पॉइंट पूर्ण उघडलेला असताना मोजायचा, पाती हलकी अडकत सरकली पाहिजे. पॉइंटचा जो फायबरचा पाय कॅमवर घासतो तो झिजतो, विशेषतः कॅमला ग्रीसचं बोट लावलेलं नसेल तर फार लवकर, आणि पाय झिजला की गॅप कमी होतो, गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतो आणि उशिरा उघडला की टायमिंग मागे जातं. म्हणजे गाडी महिनोन्महिने हळूहळू मंद होत जाते, रोज थोडी थोडी, त्यामुळे चालवणाऱ्याला कळतही नाही, त्याला वाटतं गाडी म्हातारी झाली.

ज्या गाड्यांना हेडलाइटच्या डब्यावर अँपिअर मीटर असतो त्यांच्या मालकांकडे तर फुकटचं निदान यंत्र आहे आणि ते कुणी बघतच नाही. स्विच ऑन करा, लाइट बंद ठेवा आणि किक पायाने अगदी सावकाश दाबत न्या. पॉइंट मिटलेले असताना कॉइल करंट ओढते, काटा डिस्चार्जच्या बाजूला तीन-चार अँपिअर झुकतो. पॉइंट उघडले की काटा परत मध्यावर येतो. हा झुकणारा आणि परत येणारा काटा दिसला म्हणजे बॅटरी, फ्यूज, स्विच, कॉइलचं जाड वेटोळं आणि पॉइंट एवढी सगळी साखळी एका नजरेत तपासून झाली! काटा कधीच झुकत नाही असं असेल तर पॉइंटचे ठिपके मळलेत किंवा मिटतच नाहीयेत, नाहीतर कुठेतरी वायर सुटलीय. काटा झुकलेलाच राहतो, मध्यावर येतच नाही, तर पॉइंट उघडत नाहीयेत किंवा पॉइंटला जाणारी वायर कुठेतरी बॉडीला लागून शॉर्ट झालीय, किंवा कंडेन्सर (पॉइंटला जोडलेली छोटी डबी, तिचं काम पुढे सांगतो) आतून शॉर्ट आहे. फक्त एक करा, काटा झुकलेला असताना स्विच ऑन ठेवून गप्पा मारत बसू नका, कॉइल तापते आणि बॅटरी उतरते.

ठिपके मळलेत असं वाटलं तर बारीक पॉलिश पेपरची पट्टी मधून ओढा आणि नंतर साधा कोरा कागद ओढून धूळ आणि तेल काढा. हा कोरा कागद लोक विसरतात. तेलाचा एवढासा थर असला तरी सहा व्होल्टच्या गाडीत करंट जात नाही.

आणि अर्थिंग. जुन्या गाडीला कुणीतरी प्रेमाने नवा रंग मारतं, फ्रेम पावडर कोटिंग करून आणतं आणि मग गाडी चालूच होत नाही, कारण बॅटरीची अर्थ वायर जिथे बोल्टने बसते तिथे आता रंगाचा जाड थर असतो. बॅटरीच्या अर्थच्या टर्मिनलपासून थेट इंजिनच्या एखाद्या बोल्टला एक जाड वायर तात्पुरती जोडून बघा, गाडी सुधारली तर दोष सापडला.

गरम झाल्यावर बंद पडते

हा सगळ्यात छळणारा प्रकार, म्हणून यावर जरा जास्त लिहितो. गाडी सकाळी पहिल्या किकला चालू होते, वीस मिनिटं मस्त चालते आणि मग मिसिंग करायला लागते, म्हणजे मधूनमधून ठोका चुकवते, आणि बंद. अर्धा तास थांबलं की परत चालू, जसं काही झालंच नाही. माझ्या स्वतःच्या गाडीला हे झालं तेव्हा मी चार वेळा कार्बोरेटर साफ केला, जेट (पेट्रोल मापून सोडणारे त्यातले बारीक भोकाचे पितळी तुकडे) बदलले, पेट्रोलचा पाइप बदलला, टाकी काढून धुतली, दोन महिने त्यात गेले, आणि शेवटी निघाला कंडेन्सर. पॉइंटच्या झाकणाखाली बोटाच्या पेराएवढी एक डबी असते ती. त्या दोन महिन्यांत एकदाही मी बंद पडलेल्या जागेवर, गाडी गरम असताना, स्पार्क बघितला नव्हता. दर वेळी घरी आणून थंड झाल्यावर बघायचो आणि थंड असताना स्पार्क अर्थातच छान असायचा.

म्हणून असल्या गाडीबरोबर एक जादा प्लग आणि प्लग पाना खिशात ठेवा आणि गाडी जिथे बंद पडेल तिथेच, थंड व्हायच्या आत, तीन गोष्टी करा. पहिली, टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. हवा आत ओढल्याचा सूं आवाज आला आणि नंतर गाडी चालू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल खाली उतरतं तशी वरून हवा आत यावी लागते, ती आली नाही की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल यायचं थांबतं. दुसरी, जादा प्लग कॅपला लावून हेडला टेकवा आणि स्पार्क बघा. यासाठी इंजिनमधला गरम प्लग काढायचीही गरज नाही, फक्त कॅप काढायची, आणि वाफेचाही प्रश्न नाही कारण भोक बंदच आहे. तिसरी, स्विच ऑफ करून किक सावकाश दाबा आणि कॉम्प्रेशन पायाला नेहमीसारखं लागतंय का बघा. या तीनपैकी एक गोष्ट तुम्हाला नक्की दिशा देते.

स्पार्क नाही किंवा अशक्त आहे, तर संशय कंडेन्सर आणि कॉइलवर. कंडेन्सरचं काम असं की पॉइंट उघडताना करंटला तुटायचं नसतं, तो ठिपक्यांच्या मधून ठिणगी मारून पुढे जायला बघतो, तो धक्का कंडेन्सर स्वतःत घेतो आणि त्यामुळे करंट झटकन तुटतो. कंडेन्सर गेला की ती ठिणगी पॉइंटवरच पडते आणि प्लगला काही उरत नाही. झाकण काढून, अंधारात किंवा सावलीत किक मारताना पॉइंटकडे बघा. अगदी बारीक चमक दिसली तर चालतं, पण निळी ठसठशीत चमक दिसली आणि ठिपके काळे पडलेले, एकावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा असं दिसलं तर कंडेन्सर बदला. नवा पॉइंट टाकला तरी महिन्याभरात जळतो, हीसुद्धा त्याचीच खूण. मल्टीमीटरवर जुना कंडेन्सर थंड असताना पास होतो आणि गरम झाल्यावर नापास, त्यामुळे मी मीटरवर फार वेळ घालवत नाही, जुन्याची वायर सोडवतो, एक चांगला कंडेन्सर बाहेरच्या बाहेर पॉइंटच्या वायरला आणि बॉडीला जोडतो आणि गाडी पळवून बघतो. कॉइलचंही तसंच, आतली बारीक वायर गरम झाल्यावर पसरते आणि कुठेतरी तुटते, थंड झाली की परत जुळते.

स्पार्क चांगला आहे पण किक पोकळ लागतेय, तर व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरची दारं. त्याबद्दल पुढे सांगतो.

बंद पडायची पद्धतसुद्धा खूप काही सांगते. वीज गेली तर इंजिन स्विच ऑफ केल्यासारखं एकदम जातं, मध्ये झटके देऊन परत येतं. पेट्रोल संपत असेल तर जोर हळूहळू कमी होतो, कारण कार्बच्या खालच्या, फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या तुकड्याच्या) डब्यात थोडं पेट्रोल असतं तेवढ्यावर ती काही अंतर ओढते. अशा वेळी चालत्या गाडीत चोक थोडा ओढा. जोर आला तर पेट्रोल कमी पडतंय, आणखी बिघडली तर पेट्रोल जास्त होतंय किंवा दोष दुसरीकडेच आहे.

कार्बोरेटर, पण एका पट्टीच्या मदतीने

स्पार्क दमदार आहे याची खात्री झाली की मग कार्ब. आणि तोही लगेच खोलायचा नाही. कार्बोरेटरमध्ये प्रत्येक भाग रेसच्या ठराविक पट्ट्यात काम करतो. स्लोपासून साधारण एक अष्टमांश रेसपर्यंत पायलट जेटचं राज्य, तिथून पाव रेसपर्यंत स्लाइडचा (मूठ फिरवली की वर उचलल्या जाणाऱ्या तुकड्याचा) खालचा तिरका काप, पावपासून पाऊणपर्यंत नीडल (स्लाइडला लटकणारी निमुळती सुई) आणि तिचा जेट, आणि पाऊणपासून फुलपर्यंत मेन जेट. आता थ्रॉटलच्या रबरी मुठीवर आणि शेजारच्या स्विचच्या डब्यावर पांढरी चिकटपट्टी लावून बंद, पाव, अर्धा, पाऊण, फुल अशा खुणा करा आणि चालवताना बघा की गाडी नेमकी कुठल्या खुणेला नाटक करतेय. स्पीड किती किंवा गिअर कुठला ते नाही बघायचं, फक्त मूठ किती फिरलीय ते. पाऊण ते फुलमध्ये दम कोंडत असेल तर पायलट जेट साफ करून काहीही होणार नाही, आणि स्लो धरत नसेल तर मेन जेट बदलून काही होणार नाही. इतकं सोपं आहे हे, पण खुणा केल्याशिवाय अंदाजाने केलं तर माणूस हमखास चुकतो.

महिनाभर उभी असलेली गाडी चोकवर चालते आणि चोक काढला की बंद होते, तर समजा पायलट जेट बुजलाय. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक असतं, पेट्रोल सुकून राहिलेला चिकट थर त्याला पुरेसा होतो. साफ करताना तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. क्लीनरमध्ये भिजवा, हवेने फुंका, फार तर प्लास्टिकच्या ब्रशचा एक केस घाला आणि उजेडाकडे धरून भोक गोल, स्वच्छ दिसतंय का बघा. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेलं असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, जुन्या रबराचे पाइप आणि सील फुगवतं, आणि उभ्या गाडीच्या फ्लोट चेंबरमध्ये तळाशी पांढरट चिखल जमतो. गाडी काही आठवडे ठेवायची असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे डबा रिकामा होतो. ही एक सवय लावून घेतली तर पायलट जेटचा त्रास खूप कमी होतो.

मिक्श्चर स्क्रूबद्दल, म्हणजे स्लोचं मिश्रण लावायच्या स्क्रूबद्दल, एक गोंधळ असतो. काही कार्बमध्ये तो एअर फिल्टरच्या बाजूला असतो, तो हवा कमीजास्त करतो, म्हणून बाहेर फिरवला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी. काहींत तो इंजिनच्या बाजूला असतो, तो पेट्रोल कमीजास्त करतो, बाहेर फिरवला की मिश्रण घट्ट होतं, म्हणजे पेट्रोल जास्त. आपला कुठला ते आधी बघा. हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन साधारण दीड फेरा बाहेर काढायचा आणि मग इंजिन गरम करून पाव पाव फेऱ्याने जिथे रेस सगळ्यात जास्त आणि एकसारखी लागते तिथे ठेवायचा.

रेस सोडली तरी इंजिन वरच राहतं, स्लो एकदा चढते एकदा पडते, सायलेन्सरमधून उतारावर फटाके येतात, असं असेल तर गाडी कुठूनतरी हवा ओढतेय. कार्ब आणि हेडमधला रबर किंवा पॅकिंग बघा. इंजिन स्लोला ठेवून त्या जोडावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा, आवाज बदलला तर तिथेच गळती. यासाठी पेट्रोल किंवा स्प्रे मारणारे लोक मी बघितलेत, गरम इंजिनवर ते करू नका, पाण्याने काम होतं. जुन्या कार्बचा फ्लँज (इंजिनला टेकणारी सपाट कड) बोल्ट फार आवळून आवळून कमानीसारखा वाकतो, तो काढून काचेवर ठेवला तर मधून उजेड दिसतो. काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट घासला की बरा होतो. स्लाइडच झिजून खडखडत असेल तर मात्र कुठलाही स्क्रू फिरवून स्लो जागेवर राहणार नाही.

ओव्हरफ्लोकडे दुर्लक्ष करू नका. फ्लोटची सुई नीट बसत नसेल तर रात्रभर पेट्रोल झिरपत सिलिंडरमध्ये आणि तिथून खाली इंजिन ऑइलमध्ये जातं. ऑइलची काडी काढून वास घ्या, पेट्रोलचा वास आला आणि ऑइल पाण्यासारखं पातळ वाटलं तर आधी ऑइल बदला, मगच चालू करा, कारण पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंगं टिकत नाहीत.

सगळं करून झालं की प्लग काढून त्याचा रंग बघा, पण नुसतं स्लोला चालवून नाही, चांगलं पळवून, इंजिन बंद करून लगेच काढलेला प्लग. फिकट तपकिरी रंग म्हणजे ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा स्पार्क अशक्त. ओला, तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय. पांढराफटक, फोड आल्यासारखा म्हणजे मिश्रण पातळ किंवा इंजिन तापतंय, आणि हे दिसल्यावर गाडी पळवत राहिलात तर पिस्टन जातो. नवा प्लग घेताना नंबर बघून घ्या. एनजीकेमध्ये आकडा मोठा तर प्लग थंड, बॉशमध्ये उलट, आकडा मोठा तर गरम, म्हणून कंपनी बदलताना अंदाज चालत नाही. पॉइंटवाल्या गाडीला प्लगचा गॅप ०.५ ते ०.६ मिमीच्या आसपास पुरतो.

कॉम्प्रेशन आणि टॅपेट

किक पोकळ लागत असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घाला, प्लग लावा, स्विच ऑफ ठेवून चार-पाच किका मारा. कॉम्प्रेशन वाढलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, कारण ऑइलने रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवल्या. फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह. पण हेड काढायच्या आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागातली फट, बघा! टॅपेट फार घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही, आणि गरम झाल्यावर दांडी लांबते तेव्हा तर अजिबातच नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता तो सीटवर टेकतो तेव्हाच हेडमध्ये जाते, टेकलाच नाही तर कडेने जळायला लागतो. म्हणून वाजणाऱ्या टॅपेटची मला एवढी भीती वाटत नाही जेवढी अगदी गप्प टॅपेटची वाटते. आवाज येतो म्हणून आवळून टाकला आणि महिन्याभरात व्हॉल्व्ह जळला असं खूप जणांचं झालंय.

सेटिंग थंड इंजिनवर, पिस्टन वर असताना आणि तोही कॉम्प्रेशनच्या वेळचा वर, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. काही जुन्या पुशरॉड (खालच्या कॅमवरून व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या उभ्या दांड्या) इंजिनांत थंड असताना गॅप जवळजवळ शून्य ठेवायचा असतो, पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये. काहींत फिलर गेजचा ठराविक आकडा असतो. मॅन्युअल बघा, शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका.

किक उलटी मारते

याने घोटा मोडू शकतो म्हणून हे हलक्यात घेऊ नका. पिस्टन वर पोचायच्या फार आधी ठिणगी पडली तर तो उलटा ढकलला जातो आणि किक पायावर येते. जुन्या मॅग्नेटोवाल्या (बॅटरीशिवाय स्वतःच ठिणगीची वीज बनवणाऱ्या) गाडीला हँडलवर टायमिंगची दांडी असते, ती चालू करताना मागे घ्यायची विसरलं की हे होतं. ऑटो ॲडव्हान्स (वेगाप्रमाणे ठिणगी आपोआप लवकर पाडणारी व्यवस्था) असेल तर पॉइंटच्या मागची दोन छोटी वजनं गंजून बाहेरच अडकलेली असतात किंवा स्प्रिंग सैल पडलेली असते. कॅम हाताने थोडा फिरवून सोडा, तो स्वतः झटकन जागेवर आला पाहिजे.

टायमिंग लावताना आधी पॉइंटचा गॅप, मग टायमिंग, उलटं नाही, कारण गॅप बदलला की टायमिंग बदलतंच. पॉइंट उघडायचा नेमका क्षण पकडायला पॉइंटच्या वायरला आणि बॉडीला एक छोटा बल्ब जोडा, स्विच ऑन करा आणि इंजिन हाताने सावकाश फिरवा. बल्ब पेटला तोच उघडण्याचा क्षण. त्या वेळी पिस्टन मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागी हवा. टायमिंग मागे असेल तर किक मारत नाही, पण गाडी जड चालते, इंजिन तापतं आणि सायलेन्सरचा पाइप हेडजवळ निळा पडतो.

धुराबद्दल थोडक्यात. काळा धूर पेट्रोल जास्त, निळा धूर ऑइल जळतंय. रेस दिल्यावर निळा तर रिंगा, उतारावर रेस सोडून परत दिल्यावर निळ्या धुराचा लोट आला तर व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी. ऑइलची वेगळी टाकी असलेल्या गाड्यांत बरेच दिवस उभं राहिल्यावर ऑइल पंपातून झिरपून खाली क्रँकमध्ये जमतं, चालू केल्यावर पहिली काही मिनिटं धूरच धूर होतो आणि मग आपोआप थांबतो. त्यासाठी रिंगा बदलायला निघू नका.

आवाजाला एक लांब लाकडी दांडा घ्या, एक टोक इंजिनवर आणि दुसरं कानामागच्या हाडाला, फिरणाऱ्या भागांपासून जपून. वरून येणारी बारीक टिकटिक टॅपेटची. थंड असताना खडखड आणि गरम झाल्यावर कमी, तर पिस्टन सिलिंडरमध्ये थोडा सैल आहे, त्यावर गाडी बरीच वर्षं चालू शकते. पण चढावर लोड आल्यावर खालून, क्रँककेसमधून, दणदण असा खोल जड आवाज यायला लागला आणि रेस सोडली की कमी झाला, तर तो बिग एंडचा, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगचा. तिथे अजून थोडं जाऊन बघू असं करू नका, बेअरिंग सुटलं तर कनेक्टिंग रॉड क्रँककेस फोडून बाहेर येतो. इंजिन तिथल्या तिथे बंद करा, गिअर न्यूट्रलला टाका आणि गाडी ढकलत किंवा दुसऱ्या वाहनात घालून घरी आणा.